चौथं कडवं

रविकांत कंडक्टर नाटकात गेला म्हणून त्याला नाटकाची हौस होती, असं कोणी समजू नये. त्याला आयुष्यात हौस एकाच गोष्टीची, ती म्हणजे झोप. आणि ती तरी पुरी कुठे मिळत होती बापा! पहाटे कोंबड्याच्या आधी उठायचं, थंडीनं आखडलेल्या फटफटीला लाथा घालायच्या, बोरखेडीहून जैनथ आणि जैनथहून आदिलाबाद गाठायचं, डेपोतून तिकिटाचं मशीन उचलायचं आणि मग दिवसभर नेरडीगोंड्याच्या हायवेवर हेलपाटे घालायचे. बायांना बस फुकट झाल्यापासून तर गाडीत मुंगी शिरत नाही. बरं, फुकट म्हणजे नुसतं फुकट नाही. प्रत्येकीला शून्य रुपयाचं तिकीट द्यावं लागतं, त्यासाठी आधार कार्ड पाहावं लागतं, आणि ते कार्ड नेमकं पिशवीच्या तळाशी, वांग्यांच्या खाली असतं. ‘अम्मा, आधार’ हे दोन शब्द माणसानं दिवसातून ओरडावे तरी किती? संध्याकाळपर्यंत त्याच्या डोक्यात मशीनची टिकटिक, ड्रायव्हरचा हॉर्न आणि जागेवरून झालेली भांडणं असा सगळा बाजार भरलेला असायचा.

त्यामुळे घरी आल्यावर त्याला शांतता लागायची. लग्न नवं होतं तेव्हा तो एकदाच म्हणाला होता, “रुपा, जरा गप बस वं, डोकं भनभनून राह्यलं.” ती म्हणाली, “बरं.” एवढंच. भांडण नाही, रुसवा नाही. पण रुपाचं ‘बरं’ म्हणजे दगडावरची रेघ. त्या दिवसापासून त्या घरात त्याच्या देखत रेडिओ वाजला नाही, टीव्ही मोठ्यानं लागला नाही आणि रुपा गायली नाही.

आता गंमत अशी, की रुपा गाते हे अख्ख्या बोरखेडीला माहीत होतं. कापूस वेचताना गायची, भाकरी थापताना गायची, कोणाच्या घरी हळद असली की तिला बोलावणं ठरलेलं. शेजारची सोजरबाई रविकांतला तोंडावर म्हणायची, “बापा, तुही बायको गायली का माही म्हैस पान्हवते.” पण खुद्द रविकांतनं तिचं एक गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. गावात शिरताना पाण्याच्या टाकीपाशी वळण आहे. तिथे त्याच्या फटफटीचा आवाज आला की घरातलं गाणं बंद. कधी वाऱ्यासोबत अर्धी ओळ कानावर यायची, आणि तो दारात येईपर्यंत घर चिडीचूप, ताट वाढलेलं. त्याला ते खटकत नव्हतं. खरं सांगायचं तर बरंच वाटायचं. दमलेल्या माणसाला अर्धी ओळही जड होते.

दिवाळीच्या आगेमागे रुपाच्या गळ्याला गाठ आली. रविकांतला रजा मिळेना म्हणून तिचा भाऊ तिला नागपूरला डॉक्टरकडे घेऊन गेला. ती परत आली त्या संध्याकाळी रविकांत जेवायला बसला होता आणि ती चुलीपाशी भाकर फिरवत होती.

“डॉक्टर म्हनते, गाठ काढा लागते. दत्तजयंती झाल्यावरची तारीख देल्ली.”

“मंग काढू. त्यात काय.”

“गाठ आवाजाच्या नसेपाशी आहे म्हनते. नस दुखावली तं आवाज बसते. बसलेला मंग उठते का नाई उठत, आताच सांगता येत नाई म्हनते.”

रविकांतचा घास हातातच राहिला. रुपानं भाकर ताटात टाकली आणि तव्यावर दुसरी घातली.

“बाबारावभाऊ आलते,” ती म्हणाली. “यंदाच्या नाटकात गा म्हनते. मी हो म्हनलं.”

“तू? स्टेजवर?”

“शेवटचं गाणं आहे. चार कडवी. मले एकडाव चारी कडवी म्हनायची आहेत, मोठ्यानं, लोकाइपुढं. मंग त्या डॉक्टरले काय करायचं थे करू दे.” भाकर उलटत ती म्हणाली, “पण तुमी संग येसान तरच जाईन मी.”

“अवं, मी येऊन काय करू? मले तं बसल्या जागी झोप लागते.”

“तं तिथं झोपा,” रुपा म्हणाली. “पण या.”

असा रविकांत नाटकात गेला. म्हणजे गेला कसला, नेला गेला.

बोरखेडीत दरवर्षी दत्तजयंतीच्या जत्रेला संगीत नाटक होतं. नाटक तेच, ‘संगीत सोयरीक मोडली’. बाबारावच्या वडिलांनी लिहिलेलं, त्यांनीच चाली लावलेल्या. एक लोभी मामा, त्याची भाची, तिला पाहायला आलेले तीन थापाडे नवरदेव, आणि शेवटी भाची तिघांनाही वाटेला लावून स्वतःच घराबाहेर पडते, अशी हसवाहसवीची गोष्ट. बाबारावचं जैनथला बी-बियाण्याचं दुकान. दिवसभर युरिया विकायचा आणि संध्याकाळी मामाच्या मिशा लावायच्या. नाटकात काम करणाऱ्या कोणाला पैसा मिळत नाही, चहा मिळतो, आणि तोही बाबारावच्या मूडवर. पेटीला खुशाल सर. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, बोलायला मोजके आणि वाजवायला सढळ.

सगळ्यांना स्टेजवर तोंड दाखवायचं होतं, पडदा ओढायला कोणी तयार नव्हतं. ते काम आयतं रविकांतच्या गळ्यात पडलं.

हा पडदा म्हणजे सोपं प्रकरण नव्हे. जाड कापडावर रंगवलेला राजवाडा, खाली वजनाला अख्खा बांबू. दोरी ओढली की पडदा वर जातो, दोरी सोडली की धप्पकन खाली. मधला सगळा वेळ पडदेवाल्यानं ती दोरी हातात धरून बसायची. तुम्ही म्हणाल, खुंटीला बांधून का टाकत नाही? तर त्याला इतिहास आहे. बाबारावच्या वडिलांच्या काळात एका वर्षी दोरी खुंटीला बांधली आणि गाठच सुटेना. शेवटचं गाणं संपलं, पडदा काही पडेना, आणि साडी नेसलेला नायिकावाला गडी स्टेजवर खांबासारखा मुका उभा. लोकांनी हसून हसून जत्रा डोक्यावर घेतली. पुढे कितीतरी वर्षं आसपासच्या गावांत बोरखेडी म्हटलं की लोक हात जोडून मुके उभे राहून दाखवायचे. तेव्हापासून मंडळीत दोन नियम झाले. दोरी कधी बांधायची नाही, माणसाच्या मुठीतच राहील. आणि पडदा पडेपर्यंत गाणाऱ्यानं गाणं सोडायचं नाही, पेटीवाल्यानं गाणाऱ्याला सोडायचं नाही. बोरखेडीत एक वेळ सरपंचाचं ऐकणार नाहीत, पण हे दोन नियम मोडणार नाहीत.

तालीम शाळेच्या व्हरांड्यात व्हायची. रविकांत ड्युटीवरून यायचा, खाकी शर्टावर स्वेटर चढवायचा आणि सायकल स्टँडच्या बाजूला खांबाला टेकून दोरी धरून बसायचा. दोरीचा एक वेढा मुठीला, शेपूट मांडीखाली. पहिल्या दिवशी पाचेक मिनिटं बरा बसला. मग मामा आणि पहिल्या नवरदेवाची बोलणी सुरू झाली आणि त्याची मान खाली आली. मान आली, मूठ सैल झाली, दोरी सुर्रकन निसटली आणि अख्खा राजवाडा बाबारावच्या डोक्यात!

“अबे कंडक्टर!” बाबाराव पडद्याखालून ओरडला. “स्टॉप आला का तुहा?”

झालं. मंडळीला जन्माची गंमत सापडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, नवरदेवाचा फेटा बांबूत अडकला. “कंडक्टरचा स्टॉप आला!” तिसऱ्यांदा पडदा पडला तेव्हा तर खुशाल सरांनी पेटीवर बसच्या बेलसारखे दोन सूर वाजवले. रविकांतला हसू यायचं, लाज वाटायची, पण डोळे ऐकायचे नाहीत. पहाटेपासून उभा असलेला माणूस, खांब पाठीला लागला की त्याचा देह त्याचा राहायचा नाही.

“भाऊ, दुसरा कोनी पाहा ना,” तो बाबारावला म्हणाला.

“दुसरा आणला तं तुही बायको येत नाई म्हनते. काय करू सांग!” बाबारावनं कपाळावर हात मारला. “झोप, पण मुठीत झोप.”

आणि रुपाचं गाणं? ते रविकांतनं तालमीतही ऐकलं नाही. तिचं गाणं सगळ्यात शेवटी, आणि तोवर बाबाराव वैतागून त्याच्या हातातली दोरी काढून घ्यायचा आणि त्याला वर्गातल्या बाकावर पाठवायचा. बाकावर तो मेल्यासारखा झोपायचा. रुपा उठवायला यायची, “चला, झालं.” घरी जाताना तो विचारायचा, “चारी म्हनली?” ती म्हणायची, “चारी.” एवढंच बोलणं. थंडी मी म्हणत असायची आणि ती गळ्याभोवती शाल घट्ट धरून चालायची.

दत्तजयंतीच्या दिवशी त्यानं रजा मागितली होती. ती मिळाली नाही. जत्रेचा दिवस, गाड्या जास्त, माणसं कमी, असं साहेब म्हणाले, आणि ते खोटंही नव्हतं. त्या दिवशी बसमध्ये माणसांवर माणसं होती. एका म्हातारीनं तर आधार कार्डाऐवजी देवाचा फोटो पुढे केला आणि यालाच विचार म्हणाली. रविकांत बोरखेडीत पोचला तेव्हा शाळेपुढे पाल पडलं होतं, माणसं घोंगड्या-चादरी गुंडाळून बसली होती आणि नांदी सुरू व्हायच्या बेतात होती. भाकर खायलाही वेळ नव्हता. तो तसाच खांबाला टेकला आणि दोरी मुठीला गुंडाळली.

नाटक रंगलं, खोटं का बोला. मामा पडला, नवरदेव पळाले, लोक हसून लोळले. आणि रविकांत झोपला नाही. कसा काय, त्याचं त्यालाच ठाऊक. स्वतःच्या मांडीला चिमटे घेत बसला होता. फक्त एकदा, तिसऱ्या नवरदेवाच्या गाण्यात, पडदा हातभर खाली आला आणि पुन्हा वर गेला. “स्टॉप आला रे, स्टॉप आला!” प्रेक्षकांतूनही आरोळी उठली. म्हणजे तालमीतली गंमत आता अख्ख्या गावाची झाली होती.

शेवटच्या प्रवेशाआधी पडदा पाडला होता. रुपा हिरवी नऊवारी नेसून, नाकात नथ घालून रविकांतच्या बाजूला उभी होती. गळ्यातली गाठ झाकायला तिनं पोत आणि ठुशी दोन्ही घातली होती. तेवढ्यात बाबाराव घाईघाईनं आला.

“हे पाहा, पाहुण्याइले आदिलाबादले जायचं आहे,” तो म्हणाला. पाहुणे म्हणजे मंडळाचे, आपल्याकडच्या तालुक्याचे म्हणा ना, कोणी पुढारी, पुढच्या खुर्चीवर बसलेले, शाल-नारळाची वाट पाहत असलेले. “सत्कार केल्याबिगर कसं जाऊ द्यावं? शाळेच्या पत्र्याचं काम त्याइच्याच हातात आहे. तवा गाणं एकच कडवं. पहिलं कडवं झालं का मी तिकडून हात करतो, कंडक्टर, तू सोड पडदा. वहिनी, चालते ना?”

रविकांतनं रुपाकडे पाहिलं. रुपानं पदर सारखा केला.

“बरं,” ती म्हणाली.

बाबाराव दुसऱ्या बाजूला निघून गेला. हे ‘बरं’ रविकांतच्या ओळखीचं होतं. त्यानंच ते कधीकाळी पहिल्यांदा मिळवलं होतं, आणि तेव्हापासून ती ते कोणालाही देत आली होती. सासूला, डॉक्टरला, आता बाबारावला. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं. “रुपा,” तो म्हणाला.

“ओढा पडदा,” ती म्हणाली आणि स्टेजवर गेली.

त्यानं पडदा ओढला. खुशाल सरांनी सूर दिला आणि रुपा गायला लागली.

*कडी लावू नका बाई, मी येते आहे अजून,*
*पायाखालची वाट माझी जरा बसली आहे दमून.*

अरे देवा. रविकांतला वाटलं, हे घरात होतं? हे माझ्या घरात, त्या टाकीच्या वळणापलीकडे, रोज होतं आणि मी ताट पुढे ओढून खाली मान घालून जेवत होतो? आवाज काही फार गोड नव्हता, जरा जाडसर, पिकलेला होता, पण बाई असा मोकळा सोडत होती, की शाळेच्या पत्र्यावरून तो पार शेतांत जात होता. त्याच्या अंगावर काटा आला. तो काटा थंडीचा नव्हता.

पहिलं कडवं संपलं. समोरच्या बाजूला, सातवीच्या वर्गाच्या दारात, बाबारावनं हात खाली केला. सोड.

रविकांतनं तो हात पाहिला. स्पष्ट पाहिला. आणि डोळे मिटून मान छातीवर टाकली.

फक्त मूठ मिटलेली ठेवली.

स्टेजवर रुपानं क्षणभर पडद्याकडे पाहिलं असेल. पडदा वर होता. नियम म्हणजे नियम. पडदा पडत नाही तोवर गाणं सोडायचं नाही. खुशाल सरांनीही वर पाहिलं आणि भाता दाबला.

*नदीपल्याड माहेर, नदीअल्याड घर,*
*दोन्ही काठ म्हणतात मला, थांब घटकाभर.*

“कंडक्टर!” बाबारावचा दबका आवाज आला. “अबे पडदा! झोपला रे झोपला हा!”

आता बाबारावची पंचाईत ऐका. तो त्या टोकाला, रविकांत या टोकाला. मध्ये स्टेज, मागे शाळेची भिंत, हेडमास्तरांच्या खोलीला कुलूप. स्टेजवरून यावं तर एक मिशी उतरवलेली, धोतर सुटलेलं, अंगात नुसतं बनियन, आणि पुढे पाहुणे. राहिला एकच रस्ता, अख्ख्या शाळेला वळसा, जत्रेच्या दुकानांमधून, जिलेबीवाल्याच्या कढईमागून. तो तसाच धावत सुटला.

इकडे रविकांतचे हाल कुत्रा खाईना. मान टाकून, डोळे मिटून, झोपलेला दिसत त्या बांबूचं वजन धरायचं म्हणजे काय, ते त्याचं त्यालाच माहीत. नायलॉनची दोरी, मुठीत रुतत चाललेली. दिवसभर दांडी धरून धरून खांदे आधीच गळालेले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, डोळे मिटले की त्याला खरीच झोप यायला लागली! वर्षानुवर्षांची सवय, ती काय आज ऐकणार? तिसऱ्या कडव्यात एकदा त्याचं डोकं गरगरलं, बोटं सैल झाली, दोरी बोटभर सरकली आणि तळहात चिरत गेली. त्या कळेनं तो जागा झाला. बरं झालं, त्याला वाटलं. अजून चिर. त्यानं दुसराही हात घातला. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते हाताच्या कळेचं होतं की गाण्याचं, हे विचारायला तिथं कोणी नव्हतं.

पुढे प्रेक्षक गप्प होते. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं, पण ते घड्याळ बघायचं विसरून मांडीवर ताल धरून बसले होते.

चौथं कडवं लागलं तेव्हा बाबाराव धापा टाकत सायकल स्टँडमध्ये शिरला आणि त्यानं रविकांतचा खांदा धरून गदागदा हलवला. “ऊठ! अबे ऊठ, मेल्या!”

अजून एक ओळ बाकी होती. रविकांतला काही सुचेना, म्हणून त्यानं घोरून दाखवलं. आयुष्यात नाटकात केलेलं त्याचं तेवढंच काम.

*येईन तेव्हा येईन, चूल ठेवा कोमट,*
*माझ्या गाण्याला बाई अजून नाही शेवट.*

सूर हवेत विरला. रविकांत दचकून उठल्यासारखा उठला आणि त्यानं मूठ उघडली. राजवाडा धप्पकन खाली आला. पडद्यापलीकडून टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की बाबारावच्या शिव्या त्याला ऐकूच आल्या नाहीत.

शिव्या नंतर निवांत ऐकाव्या लागल्या. सत्कार झाला, पाहुणे शाल घेऊन गेले, जाताना आपल्या भाषेत “पाट चाला बागुंदी”, गाणं फार छान, असं कौतुकही करून गेले. पण बाबारावचा राग उतरेना. एवढ्या लोकांत एकच काम दिलं होतं, दोरी सोडायचं, तेही झोपेत घालवलं, असा माणूस जन्मात पाहिला नाही, वगैरे वगैरे. रविकांत मान खाली घालून उभा होता, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. “डोळा लागला भाऊ,” एवढंच म्हणत होता. लोक जाता जाता पाठीवर थापा मारून जात होते. “वा कंडक्टर, आज तं टर्मिनस आलं तुहं!” गंमत चांगली असली की कोणी तिची उलटतपासणी करत नाही. झोपला म्हणजे झोपला. फक्त खुशाल सर पेटीवर कापड गुंडाळताना हळूच म्हणाले, “चौथं कडवं वाजवून लय दिवस झाल्ते. दरवर्षी कोनी ना कोनी पाहुणा निघतेच.”

घरापर्यंत दोघं चालत आले. रुपानं नथ काढून पदरात बांधली होती. ती इतकी दमली होती, की वाटेत दोनदा ठेचकाळली.

घरात दिवा लावून तिनं चुलीवरचं कोमट पाणी त्याच्यापुढे ठेवलं. “हात धुवा. दोन घास खाऊन घ्या.”

“धुतो. तू जाय, कपडे बदल.”

“हात काऊन लपवून राह्यले?”

“कोन लपवते?”

तिनं त्याची मनगटं धरली आणि बाह्या वर सारल्या. दोन्ही तळहातांवर दोरीचे लालभडक वळ होते, उजव्यावरची कातडी निघून रक्त साकळलं होतं.

“डोळा लागला होता ना तुमचा?” ती म्हणाली.

“हो.”

“तुमचा डोळा लागला का दोरी सुटते. अख्ख्या गावाले माहीत आहे.”

तिनं हळद-तेल आणलं, हातांना लावलं, जुन्या धोतराची पट्टी बांधली. एकदा तिनं कपाळ त्याच्या त्या पट्टीच्या हातावर टेकवलं आणि लगेच उचललं.

“रुपा,” तो म्हणाला. “थे दुसरं कडवं. नदीचं. परत एकडाव म्हनतं?”

लग्न झाल्यापासून त्यानं पहिल्यांदा मागितलं होतं. रुपा भिंतीला टेकून बसली, शाल गळ्याशी ओढली आणि दमून हसली.

“आता नाई वो. माह्या अंगात जीव नाई. उद्या म्हनीन. झोपा आता.”

“बरं,” रविकांत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कोंबडं, तीच फटफटी, तेच ‘अम्मा, आधार’. पट्टी बांधलेल्या हातानं तिकीट फाडताना ब्रह्मांड आठवत होतं. रुपाला नागपूरला घेऊन जायचे दिवस जवळ आले होते. या वेळी रजा मंजूर करूनच तो डेपोतून निघाला, त्यासाठी साहेबांशी आयुष्यात पहिल्यांदा चढ्या आवाजात बोलला. परतताना त्याच्या पाठीचा नुसता भुगा झाला होता.

गावात शिरताना पाण्याच्या टाकीच्या बऱ्याच अलीकडे, सोयाबीनच्या मोकळ्या शेतापाशी, त्यानं फटफटी बंद केली. खाली उतरला आणि हँडल धरून ती ढकलत निघाला. तळहातातून कळा निघत होत्या, गाडी जड होती, चढाची वाट होती. सोजरबाई म्हशीला पाणी दाखवत होती, ती म्हणाली, “काऊन रे बापा, पेट्रोल संपलं?” त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

वळण आलं. वळणापलीकडून आवाज येत होता. चुलीपाशी बसून, भाकरी थापत, नदीचं कडवं चाललं होतं. रविकांत गाडी ढकलत दारापर्यंत आला. चेनचा खडखड आवाज होत होता, तो काही त्याला लपवता आला नाही. आतल्या माणसाला तो ऐकू आलाच असणार.

पण गाणं थांबलं नाही. तो ओट्यावर बसला, भिंतीला टेकला आणि डोळे उघडे ठेवून शेवटपर्यंत ऐकत राहिला.